भाताच्या दाण्यांत कॅडमियम उतरूं नये म्हणून जमिनीची तजवीज

पनवेल व उरण तालुक्यांतील भातशेती आतां पूर्वीसारखी सलग राहिलेली नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहूं लागली, आणि खाचरांच्या शेजारीं वसाहती व कारखाने आले. तळोजा औद्योगिक वसाहतीचें सांडपाणी कासाडी नदीस मिळतें, ही तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथें निळे झालेले कुत्रे दिसले, तेव्हां या नदीची चर्चा देशभर झाली. रंग डोळ्यांस दिसतो. परंतु सांडपाण्यांतून येऊं शकणारे जड धातु पाण्यांत, मातींत किंवा दाण्यांत दिसत नाहींत. या भागांतील प्रत्येक खाचर दूषित आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि जो शेतकरी आपल्याच खाचराचा तांदूळ वर्षभर घरीं खातो, त्यानें हा विषय समजून घेणें अवश्य आहे.

या धातूंपैकीं भातास विशेष जपावें तें कॅडमियमपासून. शिसें बहुधा मुळांशींच अडतें. कॅडमियम मात्र दाण्यापर्यंत सहज पोंचतें, आणि पीक हिरवेंगार दिसत असतांनाहि पोंचतें. जपानांतील जिंझू नदीच्या कांठीं कामिओका खाणीच्या पाण्यानें दूषित झालेला तांदूळ खाऊन लोकांस हाडांची दारुण व्याधि जडली. ती प्रदूषणजन्य असल्याचें तेथील सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. पुढें शेतांची माती बदलण्याचें काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चाललें. माती बदलणें आपणांस परवडणारें नाहीं. म्हणून धातु मातींतच जखडून ठेवण्याचे उपाय पाहूं.

पहिला उपाय चुन्याचा. कोंकणांतील जांभ्याची जमीन बहुधा आम्ल असते. आम्लता जितकी अधिक, तितकें कॅडमियम पाण्यांत विरघळून मुळांस मिळतें. चुन्यानें जमिनीचा सामू ६.५ च्या आसपास आणल्यास तें मातीच्या कणांस चिकटून राहतें. चुन्याचें प्रमाण माती तपासून ठरवावें, शेजाऱ्याचें पाहून नव्हे. लावणीपूर्वीं दोनतीन आठवडे चुना पसरून मातींत चांगला मिसळावा. त्याच वेळीं युरिया किंवा अमोनियम सल्फेट टाकूं नये. नत्र वायुरूपानें उडून जातें. चुना अति झाल्यास पिकास जस्त कमी पडतें, व जस्ताच्या उणिवेनें कॅडमियमला उलट वाव मिळतो.

दुसरा उपाय खताचा व राखेचा. चांगलें कुजलेलें शेणखत हेक्टरीं १० टन दिल्यास त्यांतील सेंद्रिय अंश धातूस धरून ठेवतो. भाताच्या तुसाच्या राखेंत सिलिका असते. तिच्या योगानें धातु रोपांत वर चढण्यास अडथळा होतो. मात्र शहरी कचऱ्याचें खत तपासल्यावांचून घेऊं नये, आणि कारखान्याच्या भट्टीची राख शेतांत आणूं नये. दूषित खाचरांतील पेंढा राबासाठींहि जाळूं नये. त्यांतील कॅडमियम राखेबरोबर रोपांच्या वाफ्यांत येतें.

तिसरा उपाय पाण्याचा. खाचरांत पाणी उभें राहिलें म्हणजे मातींतील हवा तुटते, व कॅडमियम गंधकाशीं संयोग पावून अविद्राव्य होतें. जपानांत भात निसवण्यापूर्वीं तीन आठवडे व नंतर तीन आठवडे खाचरांत पाणी ठेवण्याची शिफारस आहे. आपल्याकडे याच सुमारास पाऊस सरतो. म्हणून बांध घट्ट ठेवून पावसाचें स्वच्छ पाणी अडवावें. पाणी कमी पडलें म्हणून दूषित ओढ्याचें पाणी घेतल्यास सर्व श्रम व्यर्थ होत. मात्र मातींत सोमल आढळल्यास हा उपाय करूं नये. उभ्या पाण्यानें कॅडमियम बांधलें जातें, पण सोमल मोकळा होतो.

खारजमिनीची गोष्ट निराळी. तेथें सामू बहुधा मुळांतच चढा असतो, त्यामुळें चुन्याचा उपयोग नाहीं. परंतु मिठांतील क्लोराइडशीं मिळून कॅडमियम अधिक मोकळें होतें. म्हणून बाहेरकांठा व उघाडी दुरुस्त ठेवून खाडीचें पाणी बाहेर राखणें, हाच तेथील मुख्य उपाय होय.

आरंभ तपासणीपासून करावा. खाचरांतील अनेक ठिकाणची माती एकत्र करून तिचा नमुना द्यावा, व जड धातूंची तपासणी निराळी मागावी. नेहमींच्या माती परीक्षणांत ती होतेच असें नाहीं. तांदूळहि तपासून घ्यावा. सडलेल्या तांदळांत किलोमागें ०.४ मिलिग्रॅम ही कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. शेवटीं हें विसरूं नये कीं, या उपायांनीं धातु नाहींसा होत नाहीं, केवळ बांधला जातो. पावसानें चुना झिजतो व आम्लता परत येते. म्हणून कांहीं वर्षांनीं तपासणी पुन्हां करावी. आणि दूषित पाणी जेथून येतें तेथेंच तें थांबावें, याकरितां गांवानें एकजुटीनें लेखी पाठपुरावा करावा. एकट्यानें आपल्या खाचरांत चुना टाकून तें काम होणारें नाहीं.