शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?

कोल्हापूर,
गुढीपाडव्यानंतरचा रविवार

चि. छकुली,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा निरोप सकाळी चहा घेताना ऐकला. 34 मुलांची प्रगतिपत्रकं, वर शाळेच्या वार्षिक बातमीपत्रात तुझ्या दुसरीच्या वर्गाचं एक पान, आणि सगळं आठ दिवसांत! आमच्याकडे निकाल 1 मेला, झेंडावंदन उरकल्यावर. तुमचं कर्नाटकाचं वर्ष 10 एप्रिलच्या आसपासच मिटतं, त्यामुळे तुझी धांदल समजते. पण ‘मावशी, तुझ्या जुन्या वर्णनात्मक नोंदींची वही फोटो काढून पाठव ना’ हे जे मागितलंस, ते मिळणार नाही. वही कपाटात आहे आणि तिथेच राहील.

का ते सांगते. 2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला, पाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या गुणांऐवजी मुलाबद्दल चार वाक्यं लिहा, असं सांगण्यात आलं. कल्पना सोन्यासारखी. वर्षाच्या आत दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. ‘आत्मविश्वासाने बोलतो’, ‘उपक्रमात आवडीने भाग घेतो’, ‘वाचन समाधानकारक’. आम्ही बायका मार्चअखेरीस दुपारी व्हरांड्यात बसून एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी उतरवायचं, असं करत होतो. मीही त्यात होते. एका वर्षी दुसरीतल्या एका मुलाच्या पुढे मी ‘वाचन समाधानकारक’ लिहिलं. जूनमध्ये तिसरीच्या बाईंनी त्याला उभं केलं. पोरगं घडाघडा वाचत होतं, फक्त पुस्तकात पान उघडं होतं दुसऱ्याच धड्याचं. अख्खं पुस्तक त्याला पाठ होतं, वाचता एक ओळ येत नव्हती. वर्षभर तो माझ्यासमोर हेच करत आला होता आणि मी मान डोलावत होते. बाई मला काही बोलल्या नाहीत, नुसतं पुस्तक माझ्या हातात दिलं.

म्हणून पहिलं काम लिहायचं नाही, ऐकायचं. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं जवळ बसव. 34 पंचे 170, म्हणजे तीन तासांचीही बात नाही, चार दिवसांत सहज वाटता येईल. वाचायला पाठ्यपुस्तक देऊ नकोस, कधी न पाहिलेला मजकूर दे. ‘असर’ पाहणीची माणसं 2005 पासून गावोगाव हेच करत आली आहेत: अक्षर, शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडतं तिथे थांबायचं. आणि तेच लिहायचं. ‘कन्नड उतारा एकटी वाचते, ओत्तक्षर (जोडाक्षर) आलं की थांबते.’ ‘तोंडी बेरीज झटकन करतो, हातच्याची वजाबाकी पाटीवर चुकतो.’ अशी एक ओळ पुढच्या वर्गाच्या बाईंना जूनमध्ये उपयोगी पडते. ‘समाधानकारक’चं त्यांनी काय करायचं?

आणि गंमत बघ, हे शिकायला तुला माझी वही लागतच नाही. तुझ्या म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या एच. डी. कोटे तालुक्यातले सरकारी शिक्षक 1995 साली आंध्रातल्या ऋषी व्हॅलीला जाऊन आले आणि परतून त्यांनी ‘नलि-कलि’ उभं केलं. नलि-कलि म्हणजे आनंदात शिक. पुढे 2009-10 पासून राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत ते पोचलं. अभ्यासाची शिडी करायची, पायरीपायरीची कार्डं, आणि प्रत्येक मूल आपल्या पायरीवरून पुढे. महिनाभर शेतावर गेलेलं पोर परत आलं तर जिथे सोडलं होतं तिथूनच उचलतं, वर्गाबरोबर फरफटत नाही. तुझी शाळा खासगी, तिथे ही पद्धत नाही, ठाऊक आहे मला. पण पोर कुठल्या पायरीवर आहे, एवढा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. वर्गात कानडी, तमिळ, उर्दू, तुळू बोलणारी मुलं आहेत, एक आपलंही मराठी आहे, असं दिवाळीत म्हणाली होतीस. म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत 1969 साली स्थापन झालेलं भारतीय भाषा संस्थान आहे, तुझ्या विजयनगरपासून ते लांब नाही. आणि त्याच गावातल्या प्रगतिपत्रकात मूल घरी कोणती भाषा बोलतं याला रकाना नसावा! पेन्सिलीनं का होईना, कोपऱ्यात लिहून ठेव. वर्गात गप्प बसणारी सगळीच मुलं लाजाळू नसतात. काही मनातल्या मनात भाषांतर करत असतात आणि तेवढ्यात तू पुढच्या मुलाकडे वळतेस.

आता बातमीपत्र. तुझ्या मसुद्यात प्राणिसंग्रहालयाच्या सहलीवर एकच वाक्य आहे, ‘मुलांनी मनमुराद आनंद लुटला’. खोड ते. 1892 सालचं प्राणिसंग्रहालय, तिथले ते जिराफ, आणि 34 पोरांनी कुणी काहीच विचारलं नाही? मला तर तू फोनवर सांगितलंस की एकीला काळजी लागली होती, जिराफाला पाणी प्यायला वाकताना चक्कर येत नाही का? हाच मथळा कर. दुसऱ्या दिवशी उत्तर शोधताना वर्गात काय झालं ते खाली लिही. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळाचा फोटो छोटा झाला तरी चालेल. मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या तर म्हण, आईबाप आपल्या पोराचं नाव शोधत पान वाचतात. ते खरंही आहे.

पालक येतील त्या दिवशी प्रगतिपत्रक नुसतं हातात देऊ नकोस. इंग्रजी न वाचणारी आई ते घडी करून पिशवीत ठेवते आणि ‘पास आहे ना?’ एवढंच विचारून निघते. तिला बसव, शेऱ्याची ती एक ओळ कानडीत सांग. दुसऱ्याच्या मुलाबद्दल कुणी विचारलं तर ऐकू आलं नाही असं कर. मी कायम करायची.

आज रात्री एवढं कर. हजेरीपत्रक न उघडता 34 नावं कागदावर लिही. तीसपर्यंत सरसर येतील. मग तू पेनाचं टोपण चावत बसशील. जी चार नावं आठवणार नाहीत, त्या मुलांना उद्या सर्वांत आधी वाचायला बसव.

सुट्टी लागली की ये. येताना नंजनगूडची रसबाळे केळी आण, मागल्या खेपेसारखी पिशवीत चेंदून नकोत. आणि ती योगानरसिंहस्वामींच्या देवळातल्या नव्या वर्षाच्या लाडवांची गोष्ट तुझ्या काकांना पुन्हा सांग. लाखांनी लाडू वाटतात यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

तुझी,
माईमावशी