पाणी स्वच्छ, तरी डास कसे?

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. घराजवळ उघडं गटार नाही, पाणी स्वच्छ भरतो, तिन्हीसांजेला खिडक्या लावून घेतो. तरी दिवसाढवळ्या डास चावतात आणि तेही मलाच! आमच्या ह्यांना काही होत नाही. माझं रक्त गोड आहे का? चावल्यावर घरच्या घरी काय लावावं?
– एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘पाणी स्वच्छ भरतो’, तिथंच सगळी गोम आहे.

घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो रात्री कानाशी गुणगुणतो. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच. त्याला गटाराचं आकर्षण नाही. साठवलेलं, न हलणारं, स्वच्छ पाणी हवं. आणि आपल्या शहरात ते घरोघरी आहे. जायकवाडी धरण भरलं तरी नळ काही दिवसांआडच येतो, मग ड्रम, हौद, गच्चीवरची टाकी, जे हाताला लागेल ते आपण भरून ठेवतो. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. नळ आला की आपण ड्रम रिकामा करत नाही, वरून भर घालतो. तळाचं जुनं पाणी तसंच राहतं आणि त्यातल्या अळ्याही सुखरूप राहतात. हा डास फार लांब उडत नाही. तेव्हा तुम्हाला चावणारा बहुधा तुमच्याच घरचा, नाहीतर शेजारचा.

खिडक्या लावून उपयोग का होत नाही, हेही यातूनच कळेल. एडिसचा जोर सकाळी ऊन वर येताना आणि दुपार कलल्यावर. तिन्हीसांजेला तुम्ही खिडकी लावता तेव्हा तो आधीच पलंगाखाली, पडद्यामागं बसलेला असतो.

आता उपाय. नळ आठवड्यानं येणाऱ्या गावात ‘भरलेले ड्रम ओतून द्या’ असं सांगणारा माणूस बहुधा दुसऱ्या गावचा असतो. आपण असं करावं : पाणी येण्याच्या दिवशी तळाचं उरलेलं पाणी फडक्यातून गाळून बादलीत काढावं आणि सांडपाण्याला वापरावं. फडक्यात आलेल्या अळ्या कोरड्या मातीवर झटकाव्यात. मग ड्रमची आतली बाजू घासणीनं खसाखसा घासावी. ही घासाघीस टाळू नका, कारण एडिस अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवतो. ती काही महिने कोरडी राहूनही जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. कूलर जुलैत नुसता रिकामा करून माळ्यावर टाकला, तर पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या पाण्याबरोबरच अळ्या निघू शकतात. म्हणून टाकी घासून, वाळवूनच ठेवावी. ड्रमच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधावं. तडकलेलं झाकण न लावल्यासारखंच. फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लँटची बाटलीही तपासावी.

मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात. महापालिकेचे कर्मचारी पाण्यात ॲबेट हे अळीनाशक टाकायला आले, तर ‘पिण्याचं पाणी आहे’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. ठरलेल्या प्रमाणात ते चालतं. धूरफवारणीवर मात्र फार भिस्त नको : धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

राहिला गोड रक्ताचा प्रश्न. डासाला रक्ताची चव आधी कळायचा संबंधच नाही. चावते ती फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. ती माग काढते तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा, अंगाच्या उबेचा आणि घामाच्या वासाचा. हा वास त्वचेवरच्या जिवाणूंमुळे माणसागणिक वेगळा असतो. गडद कपडेही तिला ओढतात. तेव्हा काहींना डास जास्त चावतात, हे खरं. पण यजमानांना चावतच नाहीत, असं मात्र समजू नका. चावताना डास आपली लाळ टोचतो. तिच्यातल्या प्रथिनांविरुद्ध शरीर हिस्टामाइन सोडतं, त्यानं खाज सुटते आणि गांधी उठते. ज्याचं शरीर या लाळेला सरावलं, त्याला चावल्याचं कळतही नाही. उलट लहान मुलांना मोठाल्या गांधी उठतात.

चावल्यावर जागा साबण-पाण्यानं धुवावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरावा. मग कॅलामाइन लोशन किंवा खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लावावी. चुना, लिंबू, टूथपेस्ट नको. आग झाल्यानं खाज विसरते इतकंच, कातडी मात्र पोळते. खाजवून जखम केली तर ती पिकते. मुलांची नखं कापलेली बरी. दिवसा बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घालावेत आणि उघड्या भागाला डास पळवणारं मलम लावावं. दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

आणि ताप आला, डोळ्यांमागं ठणकलं, अंग मोडून आलं, तर मनानं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांकडं जाऊन रक्त तपासून घ्या.