कोपऱ्यातला काळोख राहू द्या

खांडबाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर कुडाची घरं अजून पाहायला मिळतात. बांबूच्या भिंती शेणामातीनं लिंपलेल्या, वर कौलं, खिडकी असलीच तर अगदी लहान. उजेड यायचा तो दारातून. एप्रिलच्या दुपारी अशा घरात उभं राहून दाराकडे कॅमेरा धरला, तर अंगण नीट येतं तेव्हा आत सगळी शाई होते, आणि चुलीपाशी बसलेली आजी नीट येते तेव्हा दाराच्या जागी पांढरा चौकोन उरतो. बाहेरचं ऊन आणि आतला कोपरा यांत दहा स्टॉपचा फरक सहज असतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे दहा स्टॉपला सुमारे हजार पट. डोळ्याला हे जमतं, कारण दाराकडे पाहताना आणि चुलीकडे वळताना तो स्वतःला बदलून घेतो. कागदावरच्या प्रिंटमध्ये मात्र सहा-सात स्टॉपच मावतात, म्हणजे जेमतेम शंभर पट.

त्या हजार पटींना शंभरात बसवायचं काम म्हणजे एचडीआर. कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन किंवा पाच फोटो घ्यायचे, ते एकत्र करायचे आणि मग त्यातला उजेड आवळायचा. एकत्र करण्याचं काम संगणक चोख करतो. फोटो खोटा होतो तो आवळताना. नवापूर-नंदुरबार भागात घरं, सण, बाजार टिपताना या आवळण्याबद्दल जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. उजेडाची उतरंड मोडू नये.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा नियम. कुडाच्या घरात सर्वांत उजळ दार, त्याखालोखाल उंबऱ्याआतली जमीन, मग समोरची भिंत, मग कणगी, आणि शेवटी कणगीमागचा कोपरा. फोटो तयार झाल्यावरही हाच क्रम राहिला पाहिजे. दोन पायऱ्यांमधलं अंतर कमी करायला हरकत नाही, पायऱ्यांची अदलाबदल मात्र करायची नाही. एचडीआरचे जे फोटो पाहताक्षणी खोटे वाटतात, त्यांतल्या बहुतेकांत आतली भिंत अंगणाइतकी किंवा अंगणाहून उजळ झालेली असते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्या भिंतीवर उजेड कुठून आला हे त्याचं मन विचारतं आणि उत्तर मिळत नाही.

तपासायची सोपी रीत आहे. फोटो कृष्णधवल करावा, पोस्टाच्या तिकिटाएवढा लहान करावा आणि डोळे बारीक करून पाहावा. दार कुठे आहे हे लगेच कळलं तर उतरंड शाबूत आहे. कणगीमागचा कोपरा काळा दिसला तर दिसू द्यावा. तिथे प्रत्यक्षातही काळोखच असतो, आणि त्या काळोखामुळेच दारातल्या उजेडाला मोल येतं.

२. फोटो काढतानाच निम्मं काम करावं.

अॅपर्चर, आयएसओ, फोकस, व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून तसेच ठेवावेत. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. अॅपर्चर बदललं की कुठपर्यंत स्पष्ट दिसतं तेही बदलतं आणि तिन्ही फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं तीन फोटो पुष्कळदा पुरतात. त्यांतला सर्वांत गडद फोटो असा असावा की त्यात अंगणातली माती आणि आकाश दोन्ही टिकलेली असतील. तो नसेल तर पुढे कितीही खटपट केली तरी दाराचा पांढरा चौकोन पांढराच राहतो. शेणानं सारवलेल्या जमिनीत ट्रायपॉडचे पाय किंचित रुततात, म्हणून तो टेकवल्यावर थोडं थांबावं. फाइल रॉच हवी.

३. जोड लपवायचा असेल तर निसर्गानं आखलेल्या रेषेवर लपवावा.

उजळ आणि गडद एका फोटोत न मावण्याची अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नामांकित छायाचित्रकार होते. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे जमीन नीट आली की आकाश कोरं पांढरं व्हायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो करताना पाण्यासाठी एक निगेटिव्ह आणि आकाशासाठी दुसरी वापरली. त्याचा जोड दिसत नाही, कारण तो क्षितिजावर आहे. पुढे १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि मूळचे मथुरेचे जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंतून उजेडाचं खरं प्रमाण गणितानं काढायची रीत मांडली. आजची बरीच सॉफ्टवेअर त्या वाटेनं आली आहेत.

ल ग्रेचा धडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतो. सातपुड्याची रांग आणि आकाश यांच्यामधली रेष स्वच्छ असते, तिथे दोन फोटोंचा जोड बसतो. सागाच्या जंगलात तो बसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण होतो आणि त्याच्या बारीक फांद्यांचं जाळं आकाशावर पसरतं. तिथे जोड दिला की त्या प्रत्येक फांदीभोवती पांढरट कड उमटते. खांडबारा स्टेशनवर सुरत-भुसावळ मार्गाच्या विजेच्या तारांभोवतीही तेच होतं. अशी कड दिसली की स्लायडर आणखी ढकलून ती जात नाही. आवळण्याचा जोर कमी करावा, नाहीतर आकाश सरळ एकाच फोटोतून घ्यावं.

४. हलणारी गोष्ट एकाच फोटोतून घ्यावी.

तीन फोटो होईपर्यंत आजीचा हात हलतो, कोंबडी उंबरा ओलांडते, चुलीतली ज्वाळा तर दर क्षणाला वेगळी. सगळं एकत्र केलं की हाताला सहा बोटं येतात आणि कोंबडीची सावली होते. सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय असतो, पण कोणता फोटो आधाराला घ्यायचा हे ते आपल्या मनानं ठरवतं. आपण स्वतः ठरवलेलं बरं. ज्या फोटोत चेहरा सर्वांत बोलका आहे तो माणसासाठी घ्यावा, घर बाकीच्यांतून घ्यावं.

५. चेहऱ्याला हात लावण्याआधी थांबावं.

इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे. आमच्या भागातल्या भिल्ल, मावची, कोकणी माणसांचे बहुतेक चेहरे सावळे, उन्हात रापलेले. एचडीआरनं त्यांच्यावर दोन प्रकारे अन्याय होतो.

पहिला रंगाचा. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ साली मांडलेली एक्स्पोजर फ्यूजनची रीत आज फार वापरली जाते. ती प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहते : बारकावा किती, रंग किती गडद, आणि उजेड मध्यम आहे का. मध्यम उजेडाच्या फोटोला ती झुकतं माप देते. त्यामुळे सावळा चेहरा आपोआप जास्त उजेडाच्या फोटोतून उचलला जातो आणि गोरटेला होतो. त्या गणिताला समोर कोण बसलं आहे हे कळत नाही. आपल्याला कळतं. माणूस आहे त्या रंगाचा दिसला पाहिजे, म्हणून चेहऱ्यावर वेगळा मास्क घेऊन तिथला उजेड मूळ फोटोतल्यासारखा परत आणावा.

दुसरा अन्याय सुरकुत्यांचा. क्लॅरिटीचा स्लायडर वाढवला की लहान-लहान उंचसखल जागा ठळक होतात. भिंतीवरच्या लिंपणाला ते शोभतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या गालावर त्याच्या भेगा होतात, डोळ्यांखाली काजळी साचते, आणि कष्टानं जगलेली बाई फोटोत केवळ एक खडबडीत पृष्ठभाग होऊन बसते. असे फोटो स्पर्धांमध्ये वाहवा मिळवतात. मला ते पाहवत नाहीत. ज्या घरानं आपल्याला आत घेतलं, चहा पाजला, त्या घरातल्या माणसाला असं दाखवायचा हक्क कोणी दिला? चेहऱ्यावर क्लॅरिटी शून्य ठेवावी, वाटल्यास किंचित उणे करावी. आणि प्रिंट त्या घरी नेऊन दाखवावी. आपला चेहरा आपल्यासारखा आला आहे की नाही, याचा निवाडा त्या माणसाइतका नेमका कोणीच करत नाही.

६. लाल रंगाकडे वेगळं लक्ष द्यावं.

नंदुरबारला थंडीत मिरचीच्या पथारी पडतात. उघड्या रानात लाल मिरची दूरवर वाळत घातलेली असते. असा फोटो एचडीआरमध्ये आवळला की रंग आपोआप गडद होतात आणि लाल आधी फुटतो. मिरचीची घडी, तिची चमक, देठ, सगळं जाऊन तांबडा लेप उरतो. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत असतो, म्हणून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगवेगळे पाहावेत. उजेड आवळून झाल्यावर सॅच्युरेशन थोडं उतरवावं. पळसाच्या फुलांना आणि पावसाळ्यातल्या भाताच्या हिरव्यालाही हेच लागू.

घराच्या आतल्या रंगाबद्दलही एक गोष्ट. दारातून आत आलेला उजेड मातीच्या जमिनीवरून उसळतो, म्हणून सावलीत तांबूस झाक असते. बाहेरच्या सावलीवर आकाशाची निळसर झाक असते. सगळीकडचा पांढरा सारखा करायला गेलं की घर इस्पितळासारखं दिसतं. दोन्ही झाका राहू द्याव्यात.

७. कुठे एचडीआर करायचं नाही, हेही ठरवावं.

आषाढात नवापूर तालुक्यावर ढग उतरले की ऊन-सावलीचा फरकच राहत नाही. एक फोटो पुरतो. होळीच्या दिवसांत अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहायला लांबून लोक येतात. ती पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी काढलेले नाचणारे आणि समोर होळी. तिथे काहीच क्षणभर थांबत नाही. एकच रॉ फाइल घ्यावी, ज्वाळेचा रंग टिकेल इतका कमी उजेड ठेवावा, आणि मागची रात्र रात्रच राहू द्यावी. त्या नाचाला अंधार हवाच असतो.

मोबाइलचंही ध्यानात असावं. आयफोनमध्ये एचडीआर २०१० साली आलं. आता बहुतेक फोन न विचारता अनेक फोटो एकत्र करून एक देतात. त्या तयार फोटोवर पुन्हा एचडीआरचा फिल्टर लावला तर आवळलेलंच आणखी आवळलं जातं.

८. रात्र जाऊ द्यावी.

स्लायडर ओढताना डोळा हळूहळू सरावतो आणि भडक तेच साधं वाटू लागतं. म्हणून सकाळी पुन्हा पाहावं, शेजारी मधल्या एक्स्पोजरचा साधा फोटो ठेवून. तयार फोटो वर आणि साधा खाली असे दोन थर करून वरचा निम्मा पारदर्शक केला तर पुष्कळदा तिथेच हवं ते सापडतं. जुने स्टुडिओवाले अंधाऱ्या खोलीत प्रिंट करताना हाताच्या आडोशानं कुठे उजेड कमी द्यायचे, कुठे जास्त. ते एकेका जागेचा विचार करून काम करायचे. ब्रश हातात घेऊन आपणही तसंच करावं. पूर्ण फोटोला एकच स्लायडर लावणं मला पटत नाही.

९. मूळ फायली टाकू नयेत.

पाड्यांवर कुडाच्या जागी विटांच्या भिंती आणि कौलांच्या जागी पत्रे येत आहेत. राहणाऱ्यांच्या सोयीसाठी ते बरंच आहे. पण ती जुनी घरं आतून कशी दिसायची, दारातला उजेड चुलीपर्यंत कसा पोचायचा, याची नोंद पुढे फोटोंतूनच मिळेल. आजचं सॉफ्टवेअर उद्या जुनं होईल, आजची आवडही बदलेल. एकत्र केलेला फोटो पुन्हा करता येतो, मूळ फोटो पुन्हा काढता येत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या तरुण मित्रांना म्हणून कळकळीची विनंती : तिन्ही रॉ फायली, गावाचं नाव आणि तारीख लिहून, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.