पशुवैद्यकीय प्रवेशाची मुलाखत



महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी मुलाखत होत नाही. जागा भरतात त्या 'नीट'च्या गुणांवर. राज्याची प्रवेशफेरी नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे 'माफसू', घेते; १५ टक्के अखिल भारतीय जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या फेरीतून जातात. दोन्हींचे अर्ज वेगळे. यात कुठेही कुणासमोर बसून उत्तरे द्यायची नसतात. म्हणजे 'मुलाखतीत पास करून देतो' असे सांगत कळंबच्या बाजारात फिरणारा माणूस नसलेली वस्तू विकतो आहे. त्याला विसार देण्यासाठी घरच्या शेळ्या विकायला काढल्याचे कानावर आले, म्हणून हा कागद. घरात पशुसंवर्धन खात्यात केस पिकवलेला मामा असताना बाजारात सल्ला विचारणे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुणांची अट आहे, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. गुण असूनही घोडे अडते ते कागदांपाशी. अधिवास, जातीचा दाखला, मुदतीतले नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता यांपैकी जे लागू असेल ते आधीच हाती हवे. वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो; फेरी सुरू झाल्यावर पडताळणी समितीकडे धावून उपयोग नसतो. दाखल्याच्या अर्जाची सेतू केंद्रात पावती मिळते, ती जपावी. बाजारातल्या माणसाला दिलेल्या पैशांची पावती मिळत नाही.

महाविद्यालयांत परळचे सर्वांत जुने, १८८६ सालचे. नागपूर, शिरवळ, परभणी ही नावे त्याच पंक्तीतली. धाराशिवकरांना जवळचे म्हणजे उदगीर, तेही १९८७ सालचे. त्याआधी मराठवाड्यात परभणीच होते. पत्र लिहिणाऱ्या या मामाला तेव्हा परभणीचा अर्ज कुठे मिळतो हे गावात कुणी सांगितले नाही, आणि तालुक्याला जाऊन विचारायची लाज वाटली. पुढे पदविका झाली, पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी झाली, संसारही नीट झाला. पण १९८४च्या कायद्याने पर्यवेक्षकाच्या हाताला मर्यादा आहेत. वासरू आडवे आलेली गाय रात्री कण्हत असताना डॉक्टरांची जीप कधी येते, याकडे डोळे लावून बसणे त्या नोकरीत फार झाले.

मुलाखतीची अफवा मात्र अगदी हवेतून आलेली नाही. ब्रिटनमधल्या बहुतेक पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ती होते. उमेदवार एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे नवा प्रश्न असतो. नुसते 'प्राण्यांची आवड आहे' म्हणून भागत नाही. उपचाराचा खर्च जनावराच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर मालकाला काय सांगाल, असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा दुष्काळात चारा छावणीला राहिलेल्या घरातल्या मुलाला लवकर सुचेल. आपल्याकडे मुलाखत येते ती पदवीनंतर, लोकसेवा आयोगाच्या पशुधन विकास अधिकारी पदासाठी.

त्या मुलाखतीत घरचे ज्ञान कामाला येते. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, जुळी करडे देणारी, कमी चाऱ्यावर तग धरणारी, हे धाराशिवच्या पोराला सांगावे लागत नाही. पण पावसाने ओढ दिल्यावर कोवळी ज्वारी खाऊन जनावर का पडते, हे नीट सांगता यायला हवे. त्या ताटांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर फुगते, धापा टाकते, डोळ्यांची आतली त्वचा लालभडक दिसते आणि वेळेत सोडियम थायोसल्फेट मिळाले नाही तर हातचे जाते. गावात याला किराळ लागणे म्हणतात. आजोबांची बैलजोडी अशीच गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. पहिल्या वर्षी हाडे पाठ करताना रडू येते. त्याचे काही वाटून घेऊ नये. गुण कमी पडले तरी जगबुडी होत नाही, 'नीट' पुन्हा देता येते. शेळ्या दावणीलाच असू द्याव्यात. वैधतेच्या कामाला मामा सोबत येईल, उदगीरच्या वसतिगृहाचे पहिले पैसेही मामा भरेल. बाजारातल्या त्या माणसाचा फोन पुन्हा आला तर आईने उचलू नये, मामाचा नंबर द्यावा.