प्रवासाला एकच छोटी लेन्स पुरेल?

प्रश्न : डिसेंबरात आई-बाबांना घेऊन जबलपूरला जाणार आहे. कॅमेरा कॅननचा, एपीएस-सी डीएसएलआर. जड झूम घरी ठेवून फक्त २४ मिमी पॅनकेक लेन्स नेली तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर न्या. ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ ही लेन्स जेमतेम १२५ ग्रॅमची. दिवसभर कॅमेरा गळ्यात असला तरी मान अवघडत नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर तिचा आवाका फुलफ्रेमच्या ३८ मिमीइतका. माणूस आणि परिसर दोन्ही चौकटीत बसतात.

जबलपूरजवळच्या भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नाव जाते. नाव हलते आणि लेन्सला स्थिरीकरण नाही, म्हणून शटर १/५०० ठेवा; आयएसओ वाढला तरी हरकत नाही. उन्हातला पांढरा दगड आणि शेजारची गडद सावली एकाच चौकटीत येतात. तिथे रॉमध्ये फोटो काढा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवा. सावली नंतर उजळता येते; पांढऱ्यातला उडालेला तपशील परत मिळत नाही.

धुआँधार धबधब्याच्या तुषारांनी काच भिजते. ५२ मिमीचा फिल्टर लावा, मायक्रोफायबरचे कापड खिशात ठेवा. ही लेन्स सेन्सरपासून १६ सेंमीवरही फोकस करते. त्यामुळे चौसष्ट योगिनी मंदिरात मूर्तींवरचे कोरीव दागिने छान टिपता येतील.

दूरचे पक्षी मात्र हिच्याने जमणार नाहीत. पक्ष्यांची आवड असेल तरच झूम घ्या.