क्वांटमचा क्लास लावू का?

बारावी सायन्सच्या मुलीला घेऊन एक वडील आले होते. सोबत एका ऑनलाइन कोर्सचं माहितीपत्रक होतं: सहा महिन्यांत क्वांटम तज्ज्ञ, फी ऐंशी हजार. ‘भरू का?’ मी म्हटलं, भरू नका. सहा महिन्यांत या विषयात कुणीही तज्ज्ञ होत नाही.

मुलीची ओढ मात्र खरी होती, आणि तिला वाव आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. २०३१ पर्यंत सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चायचे आहेत. त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आणि पाषाणच्या आयसरमध्येही हे काम चालतं.

तिथला पीएचडीचा विद्यार्थी दिवसभर काय करतो, हे घरच्यांना माहीत हवं. क्वांटम संगणकाची, म्हणजे सुपरकंडक्टिंग क्युबिटची चिप उणे २७३ अंशांच्या जवळ थंड ठेवावी लागते. तो केबल जोडतो, पंप तपासतो, गळती कुठे आहे ते हेलियम वायू सोडून शोधतो, मोजमापाचे प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहितो. एक जोड सैल राहिला तरी सगळं पुन्हा गरम करायचं, उघडायचं, दुरुस्त करायचं आणि परत थंड होईपर्यंत काही दिवस थांबायचं. मी मुलीला विचारलं, सोल्डरिंग येतं का? ‘येतं की. बाबांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे.’ वडिलांना ही जमेची बाजू वाटलीच नव्हती!

हे जोडाजोडीचं काम किरकोळ समजू नका. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अशाच थंड सुपरकंडक्टिंग सर्किटवरच्या ज्या प्रयोगांना मिळालं, ते १९८४-८५ मध्ये बर्कलीत झाले. विजेत्यांपैकी जॉन मार्टिनिस तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते आणि जॉन क्लार्क त्यांचे गाइड.

आता पैशाचं. पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. पुढच्या टप्प्याला, म्हणजे एसआरएफला, ४२,०००. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, त्यानंतर बहुतेकांना पोस्टडॉक करावं लागतं. तेवढ्यात आयटीतला चुलतभाऊ फ्लॅट घेतो, घरात लग्नाचा विषय निघतो. याबद्दल मुलीशी आत्ताच मोकळेपणाने बोला. तिच्या तिसऱ्या वर्षी प्रयोग अडलेला असताना ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न फार लागतो.

बीएस्सी फिजिक्स, आयसर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग, कुठूनही वाट आहे. लिनिअर अल्जिब्रा मात्र पक्का हवा. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर तो फुकट शिकता येतो. पदवीच्या वर्षांत मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम, टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप यांतून खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. यांच्या जाहिरातींवर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवा. वार्षिक परीक्षा संपल्यावर चौकशी केली, तर तो उन्हाळा हातचा गेलेला असतो.