हिरडी सरलीय म्हणतेस, तर ऐक

पोरी, समोरचा दात लांब दिसायला लागलाय आणि जानेवारीत इथल्या दिल्लीच्या नळाचं पाणी लागलं की कळ थेट डोक्यात जाते, असं तू म्हणालीस. दात लांब होत नाही, हिरडी मागे सरते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमलचं कवच नसतं, म्हणून गार पाणी झोंबतं. सरलेली हिरडी आपणहून परत येत नाही. हळद-मिठानं नाही, महागड्या पेस्टनं नाही. पेस्टनं कळ कमी होईल, एवढंच.

आधी कारण शोध. तू दात घासतेस ते मी पाहिलंय, भांडी घासावीत तसं, आडवं, जोर लावून. मऊ ब्रश घे, हिरडीच्या कडेला तिरका धर, हलक्या हातानं फिरव. दातांवर किटण असेल तर ते आधी काढून घे. आणि गावाहून कुणी मिश्री पाठवली तर ती सरळ फेकून दे. भाजलेला तंबाखूच तो. तंबाखू कुठलाही असो, हिरडीचा रक्तपुरवठा त्यानं आखडतो आणि शस्त्रक्रियेत मूळ झाकायला लावलेला तुकडा धरत नाही. हे चालू ठेवून शस्त्रक्रिया करणं म्हणजे पैसे पाण्यात.

दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मुनिरकात पावलोपावली आहेत. पण हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचं. त्या विषयातली एमडीएस आहे का, ते विचारायला लाजू नकोस. सरकारी ठिकाणी जायचं तर एम्सचं दंत केंद्र आहे. मेट्रोच्या मॅजेंटा लाईननं हौज खास, तिथं गाडी बदलली की ग्रीन पार्कनंतरचं स्टेशन. दिल्ली गेटजवळ मौलाना आझाद दंत संस्थाही आहे. गर्दी असते, पण थोडं थांबल्यानं बिघडेल असं हे दुखणं नाही.

तज्ज्ञाला एकच प्रश्न नीट विचार: दोन दातांमधलं हाड आणि तिथली त्रिकोणी हिरडी शाबूत आहे का? असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली आशा असते. ते हाडच गेलं असेल तर कितीही कसबी हात असला तरी पूर्ण झाकत नाही. सगळं लपून जाईल असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा हे मोजून सांगणारा डॉक्टर बरा. हिरडी घट्ट असेल, सरणं वाढत नसेल, कळही नसेल, तर मिलिमीटरमध्ये माप लिहून ठेवून नुसती नजर ठेवली तरी चालतं.

शस्त्रक्रिया करायचंच ठरलं तर जागा बधीर करून टाळूतून पातळ तुकडा घेतात आणि उघड्या मुळावर लावतात. वरची कातडी तशीच ठेवून आतला थर काढला, तर टाळू लवकर भरते आणि रंगही हिरडीशी जुळतो. कोणत्या पद्धतीनं करणार, ते आधी विचार.

खरी परीक्षा पुढचे दोन आठवडे. पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर तो जगतो, मग बारीक रक्तवाहिन्या जुळतात. म्हणून तो जरासुद्धा हलता कामा नये. ओठ वर करून आरशात पाहू नकोस. सगळ्यांचे हात तिथंच जातात आणि टाका ताणला जातो. तुकडा पांढुरका दिसला तर घाबरू नकोस. स्ट्रॉ नको, जोरात चूळ नको, तिथं ब्रश नको. डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडीन तोंडात नुसतं घोळवून अलगद सोडायचं. त्यानं दात थोडे तपकिरी पडतात, ते नंतर साफ होतात. दुखतं ते हिरडीपेक्षा टाळूतच जास्त, म्हणून खाणं मऊ आणि कोमट-गार: दहीभात, गार केलेली मुगाची खिचडी. मोमोची ती लाल चटणी बंद.

टाळूतून रक्त आलं तर स्वच्छ ओला गॉज वीस मिनिटं दाबून धर, मधे उचलून पाहू नकोस. तरीही थांबलं नाही, किंवा तीन दिवसांनंतर सूज आणि ताप वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुझ्या आईलाही हे करायचं असेल तर तिचा मधुमेह आणि तिची रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना आधी सांगा. गोळी मनानं बंद करायची नाही.

एम्सची वेळ ऑनलाइन मिळते. या आठवड्यात घेऊन टाक, सोबत मी येते.